शस्त्रक्रियेपूर्वी गोळी थांबवावी काय?

हृदयात कृत्रिम झडप बसविलेल्या किंवा हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट घातलेल्या रुग्णास ‘रक्त पातळ करणारी’ गोळी दिली जाते. वास्तविक ती रक्त पातळ करीत नाही; रक्ताची गुठळी होण्यास प्रतिबंध करते.

शस्त्रक्रियेची तारीख ठरताच रक्तस्रावाच्या भीतीने काही रुग्ण ही गोळी परस्पर बंद करतात. काहीजण ती चालू असल्याचे सांगतच नाहीत. पहिल्या चुकीमुळे पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका ओढवू शकतो, तर दुसरीमुळे न आवरणारा रक्तस्राव.

सर्वांना एकच नियम लागू पडत नाही. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी वॉरफेरीन साधारणतः ५ दिवस आधी थांबवून आय.एन.आर. ही रक्ततपासणी केली जाते. मोतीबिंदूसाठी किंवा एखादा दात काढण्यासाठी मात्र बहुधा गोळी थांबवावी लागत नाही. स्टेंट नुकताच बसविला असल्यास, तातडीची नसलेली शस्त्रक्रियाच पुढे ढकलली जाते.

म्हणून नेत्रशिबिराची सूचना गावात देताना पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी एक वाक्य अधिक सांगावे : चालू असलेल्या सर्व गोळ्या व डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आणावी. गोळी केव्हा थांबवावयाची, आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे पुन्हा केव्हा सुरू करावयाची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.