कोपऱ्यातली काच आणि आजीची बादली

आज आवाज जरा वेगळा येईल. रेकॉर्डिंग घरून, म्हणजे रोहिणखेडहून चाललंय. मागून कोंबडा ओरडला तर सांभाळून घ्या.

मागच्या दिवाळीत आम्ही बाथरूमच्या कोपऱ्यात शॉवरसाठी काच बसवली. हौस म्हणून नाही. आमच्याकडे कमोड आणि अंघोळीची जागा एकाच खोलीत आहे. एकाची अंघोळ झाली की सगळी फरशी ओली. त्यावर आजी घसरली. मनगटावर निभावलं, पण सहा आठवडे प्लास्टर.

मी काय केलं? पुण्यात बसून रील्स पाहिल्या आणि 80 बाय 80 सेंटिमीटरचं, खाली ट्रे असलेलं क्युबिकल निवडून टाकलं. आजीला फोटो दाखवला. ती म्हणाली, "अन् मी बसू कुठी? बादली कुठी ठेवू?"

सगळं डिझाइन तिथेच कोसळलं. युजरला न विचारता फीचर बनवायचं, हे आमच्या धंद्यातलं जुनंच दुखणं.

मग जागा घेतली 3 बाय 3 फूट. स्टूल आणि बादली दोन्ही मावतात. ट्रे काढून टाकला, कारण त्याची कड म्हणजे आजीला अडखळायला नवा उंबरा. त्याऐवजी मिस्त्रींनी फरशीलाच जाळीकडे ढाळ दिला, 3 फुटांत साधारण दीड सेंटिमीटर. आणि दार बाहेर उघडणारं. आत कुणी पडलं आणि दार आतच उघडत असेल, तर पडलेल्या माणसामुळेच ते अडतं. हे मला आधी सुचलंच नव्हतं.

आता माझी चूक. काच टफन, 8 मिलिमीटरची. ती फुटली तर सुऱ्यासारखे तुकडे न होता बोथट बारीक दाणे होतात, म्हणून बाथरूमला तीच घ्यायची. पण एकदा टफन केली की ती कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. मी माप दिलं टाइल्स लागायच्या आधी! काच आली तेव्हा दीड सेंटिमीटर जास्त. पैसे गेले. दुसऱ्यांदा टाइल्स लागल्यावर खाली, मध्ये, वर असं तीन ठिकाणी मोजलं, मिस्त्रींनी ओळंबा लावला. भिंत वरती चांगली 8 मिलिमीटर झुकलेली निघाली. जुनी घरं अशीच असतात. तेवढा फरक भिंतीवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत जिरवला. सिलिकॉन लावल्यावर एक दिवस पाणी बंद.

धरायचा दांडा मात्र भिंतीत ठोकलाय. काचेला धरून उठायचं नाही, हे घरात सगळ्यांना बजावलंय.

बोअरचं पाणी जड आहे, काचेवर पांढरे डाग धरतात. अंघोळीनंतर वायपर मारला तर निभतं, नाहीतर रविवारी व्हिनेगर घेऊन बसा.

आजी अजून शॉवर सुरू करत नाही. स्टूल, बादली, तांब्या. तिला काचेचा एकच फायदा पटलाय: बाहेरचं पायपुसणं कोरडं राहतं.