जात्याच्या दुसऱ्या बाजूला

(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीतलं बोलणं)



आपल्या विष्णुपुरीच्या धरणात गोदामायचं जे पाणी अडतं, ते वरून, गंगाखेडाकडून येतं. गंगाखेड म्हणजे संत जनाबाईंचं गाव. जनाबाई पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी होत्या. दळण, कांडण सगळं त्यांच्याच अंगावर. विठ्ठल त्यांना दळू लागला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण एक ध्यानात घ्या. विठ्ठलानं आयतं पीठ दिलं नाही. तो समोर बसला, खुंटा धरला. आणि जनाबाईंनीही हात सोडला नाही.

मी मात्र सोडला होता. त्या साली सोयाबीन पाण्यात गेलं, गटाचा हप्ता थकला. लाजेनं तीन बैठका चुकवल्या. दार लावून देवापुढं बसायची, "तूच बघ" म्हणायची. आणि गुपचूप जास्त व्याजाचं खाजगी कर्ज काढलं. बायांनो, तो देवावरचा भरवसा नव्हता, माणसांची लाज होती.

चौथ्या आठवड्यात गटातल्या दोघी घरी आल्या. एकीनं चहा ठेवला. दुसरी म्हणाली, "बाई, किती देणं हाय ते खरं सांग." मी रडत आकडा सांगितला. गटानं हप्त्याला मुदत दिली, अंतर्गत कर्जातून आधी ते महागडं देणं फेडलं. हप्ते आजही चालू आहेत. पण रात्री झोप लागते.

पाऊस, भूकंप आपल्या हातात नाही, त्याची सत्ता वेगळी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीकडं हजारो माणसं झोपेतच गेली. आदल्या दिवशीच गणपती बोळवले होते. देवानं असं का केलं, हे मला सांगता येत नाही. पण ढिगारे उपसायला माणसं धावली, एवढं खरं. पुढं घरं उभी करताना तिथल्या बायाही गट करून बांधकामावर लक्ष ठेवायला उभ्या राहिल्या.

कुणी विठ्ठल म्हणा, कुणी अल्ला म्हणा, कुणी बुद्धाला वंदन करा. प्रार्थना सोडू नका. पण अडचण गटात बोला. आणि पुढच्या बैठकीला जी दिसणार नाही, तिला दंड लावायच्या आधी तिच्या घरी जा. तिच्या जात्याची दुसरी बाजू कदाचित तुमच्यासाठीच मोकळी असेल.

रामकृष्ण हरी.