एक शब्द, तीन नासाड्या

मराठीत दूध नासतं, फळ सडतं आणि मूल लाडावतं. इंग्रजीत मात्र या तिन्हींना एकच शब्द चालतो: ‘स्पॉइल’.

या शब्दाचं मूळ आहे लॅटिनमधल्या ‘स्पोलियम’मध्ये. स्पोलियम म्हणजे जनावराचं सोलून काढलेलं कातडं. आणि रणांगणात पडलेल्या शत्रूच्या अंगावरून उतरवलेलं चिलखतही. म्हणून १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये ‘स्पॉइल’ म्हणजे लूट. लुटण्यावरून अर्थ सरकला नासधुशीकडे आणि पुढे फाजील लाडांकडे.

‘पॅम्पर’ हाही लाडाचाच शब्द, पण तो आला जेवणावरून. त्याचा जुना अर्थ, पोटात ठासून भरवणं. नको नको म्हणत असताना ताटात आणखी एक पोळी पडते ना, अगदी तसं!

नासाडीचे आणखी दोन इंग्रजी शब्द घ्या. ‘रुइन’च्या मुळाशी आहे कोसळणं, तर ‘डॅमेज’च्या मुळाशी नुकसान. म्हणून पडका किल्ला तो ‘रुइन’, चेपलेलं पार्सल ते ‘डॅमेज्ड’ आणि आंबलेलं दूध ते ‘स्पॉइल्ड’.

शब्दाचं मूळ एकदा मनात बसलं, की नेमका शब्द वेळेवर ओठांवर येतो.