मुठीतली पाती, वहीतला आकडा



तुमचं निमंत्रण आलं आणि मी त्याच दिवशी हो म्हणालो. याच दिवसांत मला सुट्टी मिळते. मी वरच्या आसामात, जोरहाटच्या पुढे, एका चहाच्या मळ्यावरच्या कारखान्यात आहे. आत्ता तुमच्याकडे गळीत हंगाम ऐन भरात आहे, येताना उसाच्या ट्रॉल्यांची रांग बघत आलो. आमच्याकडे बरोबर उलटं. थंडीत झुडपांना नवी पालवी येत नाही, मळ्यात छाटणी चालते आणि कारखान्यात एकेक यंत्र खोलून ठेवलेलं असतं. मार्चमध्ये पहिली पाती आली की दिवसरात्र काम सुरू.

तुमच्यासारखा मीही आयटीआयचा फिटर. पहिली शिकाऊ उमेदवारी मी इकडेच एका कारखान्यात केली. नाव घेत नाही. वर्षभर स्टोअरमधून नट-बोल्ट आणून दिले, फरशी पुसली, साहेबांच्या फाइली पोचवल्या. लेथला कुणी हात लावू दिला नाही. प्रमाणपत्र मिळालं, पण हात कोरेच राहिले. नंतर चहाची यंत्रं बसवणाऱ्या एका तुकडीबरोबर मदतनीस म्हणून आसामला गेलो. यंत्र बसलं, तुकडी परतली, मी तिथेच थांबलो. माझी खरी उमेदवारी तिथे सुरू झाली.

आपल्या घरोघरी जो दाणेदार चहा उकळतो, त्याला सीटीसी म्हणतात. चिरडणं, फाडणं आणि वळवणं, ही तिन्ही कामं एकाच यंत्रात होतात. हे यंत्र आसामातच, अमगुरी मळ्यावर, विल्यम मॅकर्चर यांनी १९३० च्या सुमारास तयार केलं. दोन दातेरी रोलर एकमेकांसमोर फिरतात. एक हळू, दुसरा त्याच्या दहापट वेगानं; मिनिटाला एक सत्तर फेरे, तर दुसरा सातशे. त्या फटीतून पाती जाते. दात धारदार असले तर पाती स्वच्छ कापली जाते. बोथट झाले तर ती घासली जाते, तापते, आणि कपातला चहा निस्तेज होतो. म्हणून रोलर ठरावीक तासांनी उतरवून मिलिंग आणि चेसिंग करावं लागतं, म्हणजे उभे आणि आडवे दात पुन्हा कापावे लागतात. फिटर आणि टर्नरच्या मुलांनो, हे तुमचं काम आहे. चहाची चव तुमच्या हातातल्या हत्यारावर ठरते, हे मी अगदी शब्दशः सांगतोय.

पण यंत्रापर्यंत पोचण्याआधी पाती सुकवावी लागते. उन्हात नाही. लांबलचक ट्रफच्या जाळीवर ती पसरतात आणि खालून पंख्याची हवा सोडतात, बारा-चौदा तास. ती पुरेशी सुकली हे कसं ओळखायचं? आमचे हेड मिस्त्री मूठभर पाती घेऊन आवळायचे आणि मूठ उघडायचे. गोळा झटकन सुटला तर पाती अजून कच्ची. तसाच घट्ट राहिला तर जास्त सुकली. सावकाश उलगडला तर झाली. मग एक देठ वाकवून बघायचे, तो मोडता कामा नये. पहिले पंधरा दिवस त्यांनी माझी मूठ स्वतःच्या हातात धरून हे करवून घेतलं.

कापलेली पाती पुढे हवेवर ठेवतात. हिरवा रंग तांबूस होत जातो. याला सगळे फरमेंटेशन म्हणतात, पण ते आंबवणं नव्हे. चिरलेलं सफरचंद काळं पडतं ना, तसंच पानातल्या रसाला हवा लागून हे घडतं. सुरुवातीला ओल्या गवताचा वास येतो, मग पिकल्या फळासारखा गोडसर. तो ज्या क्षणी भरतो, त्या क्षणी पाती ड्रायरमध्ये जायला हवी. आधी गेली तर चहा तुरट लागतो, उशीर झाला तर मिळमिळीत.

माझी चूक ड्रायरवरच झाली. पहिला हंगाम, जुलै महिना, बाहेर मुसळधार पाऊस आणि आत पातीचे ढीग. काम उरकावं म्हणून मी आत जाणारी हवा जास्त तापवली आणि माल लवकर काढला. दाणा वरून खडखडीत, आत ओला! तयार चहात ओलावा तीन टक्क्यांच्या आसपास हवा, नाहीतर तो पेटीत बुरसतो. सगळा माल पुन्हा ड्रायरला घालावा लागला आणि त्याची चव गेली. साडेचार किलो पातीचा जेमतेम एक किलो चहा होतो. किती बायकांची किती तासांची खुडणी मी वाया घालवली, याचा हिशेब मी त्या रात्री केला. मिस्त्री रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ड्रायरच्या तोंडाशी उभं केलं आणि दर दहा मिनिटांनी वास घ्यायला लावला.

आयटीआयत नोंदवहीची सवय लागलेली होती. मिस्त्री ‘हो गया’ म्हणाले की मी वहीत वेळ लिहायचो, ओल्या आणि कोरड्या बल्बचं तापमान लिहायचो, पाती कुठल्या भागातली तेही लिहायचो. हंगाम संपल्यावर वही चाळली. उकाड्याच्या दुपारी ते पाऊण तासात पाती ड्रायरला लावत होते, ऑक्टोबरच्या गार रात्री सव्वा तास थांबत होते. त्यांना विचारलं तर म्हणायचे, नाक सांगतं. वहीनं सांगितलं की नाक तापमान ओळखत होतं. मी त्यांना ते आकडे वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, आणखी लिही.

या माणसाकडे चाळीस वर्षांचं ज्ञान होतं आणि कागद एकही नव्हता. त्यांचे पूर्वज मळ्यावर कामाला आणलेले, ते स्वतः मळ्याच्या लाइनीत, म्हणजे मजुरांच्या वस्तीत, जन्मलेले. सरकारी नोंदीत त्यांच्या नाकाला आणि मुठीला काही किंमत नव्हती. हा अन्याय आहे, आणि शिकाऊ उमेदवारीची पद्धत नीट राबवली तर तो थांबू शकतो. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेनं मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे, त्यांना विद्यावेतन द्यायचं. जोरहाटला टोकलाईची चहा संशोधन संस्था १९११ पासून आहे. म्हणजे शास्त्र आहे, कायदा आहे, मिस्त्रीही आहेत. या तिघांच्या मध्ये उभं राहील असं शिकणारं माणूस हवं.

आणि त्याची गरज वाढते आहे. आज देशातला जवळपास निम्मा चहा लहान उत्पादकांच्या पातीतून होतो. त्यांचा स्वतःचा कारखाना नसतो, पाती खुडायची आणि विकत घेणाऱ्या कारखान्याला घालायची. पोत्यात ती दाबून भरली की आतल्या आत तापते, लाल पडते, आणि चहा रस्त्यातच बिघडतो. तोडलेला ऊस वाळला की उतारा घटतो, हे इथल्या प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. सात-आठ दिवसांनी खुडणीची पाळी, फवारणीच्या नोझलची मापं, छाटणीचा काप, पाती वाहायची रीत, हे शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन दाखवणारा तंत्रज्ञ मिळत नाही. कारखान्यात बॉयलर, ड्रायर, मोटारी, सेन्सर सांभाळणाराही मिळत नाही.

पालकांना माझी विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी लांब जाते म्हणून अडवू नका. भाषा महिन्या-दोन महिन्यांत जमते, मला जमली. आणि इथे कारखानदार बसले आहेत, त्यांना हात जोडून सांगतो: शिकाऊ उमेदवाराला पहिल्या आठवड्यातच यंत्राजवळ उभं करा. त्याच्या चुकीनं थोडा माल जाईल. माझ्याही हातून गेला होता.

प्राचार्य मॅडम, येताना मी सीटीसी रोलरचा एक झिजलेला भाग बरोबर आणला आहे. तो मी तुमच्या वर्कशॉपला देऊन जातो. इंचाला आठ दात आहेत. मुलांनो, उद्या सकाळी त्याला व्हर्निअर लावा, प्रत्येक दात किती झिजला ते मोजा आणि वहीत लिहा. मी परवापर्यंत इथेच आहे, आकडे मला आणून दाखवा.