पप्पांची शुगर आणि खोड-पानांचा तक्ता

आज कोड नाही, एक वही आहे. पप्पांची फास्टिंग शुगरची.

गेल्या महिन्यातले १४ आकडे होते. मी फोनवर सरासरी काढली, ११४ आली. म्हटलं, ठीक आहे की! पण आई म्हणाली, "अरे, मध्ये एकदा दीडशेच्या वर गेली होती." मग कॉलेजात फक्त मार्कांपुरतं केलेलं स्टेम अँड लीफ आठवलं. म्हणजे खोड आणि पानं. शेवटचा अंक पान, त्याआधीचं सगळं खोड. ९ | २ म्हणजे ९२, आणि १० | ५ म्हणजे १०५.

हे बघा:

९ | २ ४ ६ ८
१० | १ ३ ५ ५ ८
११ | ० २
१२ |
१३ |
१४ |
१५ | १ ६
१६ | २

१०५ दोनदा आलं, म्हणून ५ दोनदा लिहायचा. आणि रिकामी खोडं गाळायची नाहीत! मी आधी गाळली होती, तेव्हा सगळं सलग दिसत होतं. ती ठेवली आणि मधला खड्डा दिसला. ११ आकडे ९२ ते ११२ मध्ये, तीन एकदम वर. मधला आकडाही पानं मोजून मिळतो. सातवं आणि आठवं पान, दोन्ही १०५. त्या तिघांनी सरासरी ११४ वर ओढली होती, आणि ११४ च्या आसपास राहून ते तिघे लपलेही होते.

हा तक्ता लोकप्रिय केला जॉन टुकी यांनी, १९७७ च्या पुस्तकातून. आपला 'बिट' हा शब्दही त्यांचाच, बरं का! जपानमधल्या स्टेशनांवरची वेळापत्रकं अशीच असतात, तास खोडात आणि मिनिटं पानांत.

एक गोष्ट मात्र यात हरवते, ती म्हणजे तारीख. म्हणून पुन्हा वही उघडली. तिन्ही आकडे पप्पा गावी गेले होते तेव्हाचे.

"पप्पा, गावी रात्रीची गोळी घेता ना?"

ते टीव्हीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तिथे सगळ्यांसमोर कुठे काढत बसू रे!"

मी वहीऐवजी तो तक्ताच डॉक्टरांना दाखवला. आता गावाला निघताना गोळ्यांची स्ट्रिप आई स्वतःच्या पर्समध्ये ठेवते.