जात्याबिगर ओवी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



'तुझ्या क्षेत्राबद्दल चार शब्द बोल,' असा संयोजकांचा निरोप होता. पण जेवणाआधी मी सॉफ्टवेअरवर बोलायला लागले तर निम्मा मंडप उठून जाईल. म्हणून माझ्या छंदाबद्दल बोलते. गेली काही वर्षं शनिवार-रविवारी मी पुण्यात एका लहानशा स्टुडिओत गाण्याचं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग शिकते आहे. भजनी मंडळं, बालगीतं, लग्नातली मंगलाष्टकं, जे येईल ते.

मघाशी प्रार्थनेच्या वेळी माइकनं शिटी मारली आणि सगळे हसलात. आपल्या वेळीही पंधरा ऑगस्टला हेच व्हायचं. सर माइकवर टिचकी मारायचे, 'हॅलो, हॅलो' म्हणायचे आणि भोंगा किंचाळायचा. आपल्याला वाटायचं माइक बिघडलाय. माइक चांगलाच होता, भोंगा त्याच्या तोंडासमोर होता. भोंग्यातला आवाज माइकमध्ये, तिथून पुन्हा भोंग्यात, असं चक्र फिरत राहतं आणि शिटी वाजते. उपाय फुकटाचा आहे. भोंगा माइकच्या पुढे न्यायचा आणि त्याचं तोंड लोकांकडे करायचं. स्टुडिओतला पहिला धडाही हाच. महागड्या यंत्रापेक्षा माइक कुठे ठेवला, याला जास्त किंमत आहे.

१९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा विजेचा माइकच नव्हता. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि त्या आवाजाच्या जोरावर सुई मेणावर रेघ कोरायची. विजेवरचं ध्वनिमुद्रण १९२५च्या सुमारास आलं. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, तेव्हाही आजच्यासारखं एकेक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घेऊन नंतर सावकाश जुळवायची सोय नव्हती. कोण माइकजवळ, कोण लांब, यावरच तोल साधायचा आणि तोही गाणं चालू असताना. तसली छप्पन्न गाणी सुधीर फडक्यांनी केली.

आज आम्ही प्रत्येकाला वेगळा माइक देतो. गायकाच्या तोंडापासून एक वीतभर अंतर. फार जवळ गेलं की आवाज घुमतो, लांब गेलं की खोलीच ऐकू येते. खोली घुमत असेल तर भिंतींना गोधड्या टांगायच्या. आईच्या हातच्या जाड वाकळेनंही बऱ्यापैकी काम होतं. भजनी मंडळ असेल तर टाळकऱ्यांना सगळ्यांत लांब बसवायचं, कारण टाळ प्रत्येकाच्या माइकमध्ये घुसतो आणि नंतर काढता येत नाही. आवाजाची पातळी मुद्दाम कमी ठेवायची. डिजिटल मोजपट्टीवर शून्य डेसिबल ही छताची पातळी. गाण्यातली मोठ्यात मोठी तान उणे १२ ते उणे ६ च्या दरम्यान राहिली पाहिजे. छताला लागली की आवाजाच्या लाटेचा माथा सपाट कापला जातो, आणि तो परत आणायचं खात्रीचं औषध नाही.

मग मिक्सिंग. लोकांना वाटतं मिक्सिंग म्हणजे सगळं वाढवायचं. खरं तर बरंचसं काम कमी करण्याचं असतं. पेटी आणि गळा एकाच पट्ट्यात येतात, म्हणून शब्द बुडतात. तेव्हा गळा वाढवायचा नाही, पेटीतला तो पट्टा थोडा उतरवायचा. बुवा दूर बसलेले वाटले पाहिजेत की जवळ, हेही ठरवावं लागतं. हे मला तिसगावनंच शिकवलं. मढीच्या यात्रेला निघालेल्यांचे ढोल आठवा. लांब असताना नुसती घुमघुम ऐकू यायची. जवळ आल्यावर काठीचा टणत्कार कळायचा. अंतरानं आवाज नुसता लहान होत नाही, त्याची धारही जाते. म्हणून एखादं वाद्य मागे बसवायचं असेल, तर त्याचा आवाज थोडा उतरवायचा आणि त्याची धारही थोडी काढायची. आणि शेवटी सगळं अगदी हळू आवाजात ऐकायचं. मोठा आवाज कानाला नेहमीच छान वाटतो, तो फसवतो.

एवढं शहाणपण सांगते आहे, पण माझी सगळ्यांत मोठी चूक याच गावातली आहे.

माझी आत्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. शाळेतून येता-जाता तुम्ही तिच्या ओट्यावर पाणी प्यायलेले आहात. तिला जात्यावरच्या ओव्या यायच्या, वही नाही, कागद नाही. एका दिवाळीत मी तिला म्हणाले, "आत्या, ओव्या म्हण, मी भरून घेते." तिनं माळ्यावरचं जातं काढायला लावलं, मूठभर ज्वारी घातली आणि म्हणायला बसली. मी फोन जात्याशेजारी जमिनीवर ठेवला आणि ऐकत बसले. चाळीसेक मिनिटं ती म्हणत होती.

पुण्याला येऊन ऐकलं तर जात्याची घरघर वर आणि आत्या खाली. मी हौसेनं सॉफ्टवेअर लावलं आणि घरघर साफ केली. पण जात्याचा आवाज सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो. तो खरवडताना तिच्या आवाजाचे कंगोरे गेले, ओवीच्या शेवटी ती घ्यायची तो दमही गेला. मला मात्र ते फार स्वच्छ वाटलं. त्याच नावानं फाइल सेव्ह केली. मूळ फाइल गेली. ऑफिसात मी पोरांना बॅकअपवरून बोलते, आणि घरी हे केलं.

संक्रांतीला तिला ऐकवलं. ती दोन मिनिटं ऐकत राहिली आणि म्हणाली, "आगं, ह्यात जातं कुठंय? जात्याबिगर कसली ओवी? ही मी न्हाई बाई." पुढच्या दिवाळीला पुन्हा भरून घेऊ, असं ठरलं. ती भाद्रपदात गेली.

आता कळतं की एक माइक तिच्या तोंडाशी हवा होता, जात्याकडे पाठ करून. एकाच बाजूचं जास्त ऐकणारे माइक मिळतात. दुसरा माइक जात्याला हवा होता, वेगळ्या ट्रॅकवर. मग दोघांचा तोल हवा तसा साधता आला असता. आणि अर्धं मिनिट भरून, ऐकून पाहिलं असतं तरी फोनची जागा बदलली असती. पण सगळ्यांत आधी मला हे कळायला हवं होतं की जातं म्हणजे गोंगाट नव्हे, तो तिचा ताल होता.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल या संगणकाच्या जाणकारानं त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रित करायला मदत केली. त्या आज पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या संग्रहात कुणालाही ऐकता येतात. मी तिथे अधूनमधून जाते. आत्याची ओवी तिथे नाही, पण जातं ऐकू येतं.

म्हणून एक विनंती आहे. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे, त्यांनी या सुट्टीतच फोन काढा. फोन एखाद्या घडी केलेल्या गोधडीवर ठेवा, तोंडापासून वीत-दीड वीत. पंखा बंद करा. आधी अर्धं मिनिट भरून ऐका. भरून झालं की फाइलची प्रत दोन ठिकाणी ठेवा, आणि काय खेळ करायचे ते तिसऱ्या प्रतीवर करा.

मी आज रेकॉर्डर आणला आहे. जेवणानंतर आपल्या जुन्या दहावीच्या वर्गात या. बाईंनी सुरुवात करायची कबूल केलं आहे, आपण मागून प्रार्थना म्हणायची, वर्गात म्हणायचो तशीच. खिडकीचं दार आजही वाऱ्यानं वाजतं, सकाळी पाहून आले. ते मी काढणार नाही.