दाखला कुणाच्या उत्पन्नाचा?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



पोटगीसाठी मोफत वकील मागायला बाईबरोबर मी तालुका कोर्टात जाते, तेव्हा पुष्कळदा पहिला प्रश्न येतो : उत्पन्नाचा दाखला आणलात का? मग तहसील कचेरीत खेटे. तिथे रेशनकार्ड मागतात. ते नवऱ्याच्या घरी, त्यावर कमाईही त्याचीच. ज्याने घराबाहेर काढले त्याच्या पगारावरून हिची गरिबी मोजायची!

कायदा असे मुळीच सांगत नाही. पैशांअभावी कुणी न्यायाला मुकू नये म्हणून १९७६ साली घटनेत ३९-अ हे कलम आले. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, पण तो अमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. त्याचे १२ वे कलम पाठच करा. स्त्रिया, मुले, दलित-आदिवासी, अपंग, कोठडीतल्या व्यक्ती, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. ती मर्यादा बाकीच्यांसाठी. स्त्री असणे एवढे पुरते, मग ती मास्तरीण असो की मोलकरीण. लिहिता येत नसेल तर तोंडी अर्जही चालतो, आणि नेमून दिलेल्या वकिलाने तिच्याकडून एक पैसाही घ्यायचा नाही.

कोठडीतल्या बायकांपर्यंत आपण फारशा पोहोचत नाही. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईतल्या कोठडीतील बायकांचे हाल पत्राने सर्वोच्च न्यायालयापुढे मांडले. १९८३ च्या निकालात न्यायालयाने बजावले की, अटक झाली की पोलिसांनी जवळच्या विधी सहाय्य समितीला लगेच कळवावे. पोलीस ठाण्यात गेलात की कळवले का, एवढे विचाराच.

आता लोकअदालतीचे. तिथे तडजोड झाली की त्यावर अपील नाही. पण सहीची सक्तीही नाही. नको म्हटले तर केस पुन्हा कोर्टात चालते. 'मिटवून टाक एकदाचे' म्हणणाऱ्या दीर-मामांच्या गराड्यात हे तिला कोण सांगणार? वकीलसाहेबांनाही निकाली प्रकरणाची घाई असते. सही करण्याआधी कागद तिला मोठ्याने वाचून दाखवायला लावा.

आणि दाखल्यासाठी अर्ज परत केला तर कारण लेखी मागा. त्याची प्रत केंद्रावर ठेवा. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीशच असतात. दिवाळीनंतर या प्रती घेऊन आपण त्यांना भेटणार आहोत.